पडद्यावरची फौज आणि मागच्या रांगेतला जवान

नमस्कार सर,

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पाचोरा तालुक्यातल्या तुमच्या शाळेच्या मैदानावर २५ जानेवारीच्या संध्याकाळी 'उरी: द सर्जिकल स्ट्राइक' दाखवायचा तरुण मंडळाचा बेत आहे. समोर नववी-दहावीची मुलं असतील आणि पहाटे रस्त्यावर धावणारी भरतीची पोरंही. चित्रपट चांगला आहे का, त्यातलं खरं किती आणि रचलेलं किती, आणि नंतर मुलांशी काय बोलावं, हे तुम्ही विचारलंय.

मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आता चाळीसगावकडे भरतीच्या पोरांची तयारी करून घेतो. दर बॅचला एखादा फौजी सिनेमा लावायचा आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर त्याची चिरफाड करायची, हा आमचा रिवाज आहे. त्यामुळे उत्तर समीक्षकाचं नाही, उस्तादाचं, म्हणजे फौजेतल्या प्रशिक्षकाचं समजा.

चित्रपट चांगला आहे का, याचं उत्तर सोपं आहे. चांगला आहे. जानेवारी २०१९ मध्ये आला, दिग्दर्शक आदित्य धर यांचा तो पहिलाच, आणि त्याला दिग्दर्शन, अभिनय, ध्वनी आणि पार्श्वसंगीत असे चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पण तुमची खरी अडचण ही नाहीच. पोरगा पडद्यावर स्वतःला कुठे बघणार, ही आहे. तो चित्रपटाच्या नायकात, मेजर विहान शेरगिलमध्ये स्वतःला बघणार. आणि आपल्याकडची बहुतेक पोरं भरती होतात ती शिपाई म्हणून, आता अग्निवीर म्हणून. म्हणजे त्याची जागा पडद्यावर हिरोच्या मागे, तिसऱ्या-चौथ्या माणसाची आहे. मी कुठलाही युद्धपट त्या माणसाकडे बघून तपासतो. त्याला नाव आहे का? त्याला काही काम दिलंय, की नुसतं 'यस सर' म्हणायला उभा केलाय?

दाखवावा की नाही, हे मात्र थोडं तुमच्या गावावर आहे. गावात वीरमरण आलेल्या जवानाचं घर असेल तर आधी त्या घरी जाऊन विचारा. चित्रपटात अंत्यसंस्काराचा एक प्रसंग आहे. गेलेल्या अधिकाऱ्याची लहान मुलगी रडत रडत पलटणीचा युद्धघोष देते. हे लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही. जानेवारी २०१५ मध्ये काश्मीरमध्ये कर्नल एम. एन. राय यांना वीरमरण आलं, तेव्हा त्यांच्या मुलीने गोरखा रेजिमेंटचा घोष असाच दिला होता आणि तो देशाने टीव्हीवर पाहिला होता. हा प्रसंग ज्यांच्या घरी घडून गेलाय त्यांना तो मैदानावर, शिट्ट्यांच्या गर्दीत बघायला लावू नये. त्यांनी हो म्हटलं तर पुढच्या रांगेत मानाने बसवा. नको म्हटलं तर दुसरा चित्रपट शोधा. बाकी सगळं यानंतर.

आता जमेची बाजू. पहिली म्हणजे घटनाक्रम. सुरुवात मणिपूरपासून होते. जून २०१५ मध्ये चंदेल जिल्ह्यात ६ डोग्रा पलटणीच्या ताफ्यावर हल्ला होऊन १८ जवान गेले होते आणि काही दिवसांतच सीमेपलीकडच्या तळांवर कारवाई झाली होती. मग १८ सप्टेंबर २०१६ ची पहाट, काश्मीरमधला उरीचा ब्रिगेड तळ, चार अतिरेकी, आपले १९ जवान गेले. तंबूंना आग लागल्यामुळे माणसं जास्त गेली. एक पलटण चार्ज देऊन निघत होती आणि दुसरी घेत होती, असा तो काळ. चार्ज देणं-घेणं म्हणजे तळावर माणसं दुप्पट, सामान उघड्यावर, आणि कित्येक जण नव्याने आलेले. मग २८-२९ सप्टेंबरची रात्र, नियंत्रण रेषेपलीकडचा सर्जिकल स्ट्राइक, आणि २९ तारखेला लेफ्टनंट जनरल रणबीर सिंग यांनी पत्रकारांसमोर केलेली घोषणा. एवढा सांगाडा खरा आहे. वर चढवलेलं मांस बरंचसं रचलेलं आहे. विहान शेरगिल नावाचा मेजर नव्हता, आणि गरुडाच्या आकाराचा ड्रोन ही पटकथेची सोय आहे. आईची नर्स गुप्तचर खात्याची निघते तेव्हा आमची पोरं हसतात. हसू द्या.

दुसरी बाजू, आवाज. ही मला सगळ्यात मोलाची वाटते. अंधारातली कारवाई डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त चालते, आणि या चित्रपटात ध्वनीवर खरी मेहनत दिसते. आपल्या भागात रात्रीच्या लाईटवर पाणी भरायला गेलेल्या कुठल्याही पोराला हे पटकन कळतं. बॅटरी विझली की बांधापलीकडे कोण चालतंय, तो ओळखीचा की परका, हे पावलावरून समजतं. गस्तीची तुकडी निघायच्या आधी आमच्याकडे प्रत्येक जवानाला जागेवर उड्या मारायला लावतात. पाण्याच्या बाटलीचं बूच, रायफलच्या पट्ट्याची (स्लिंगची) कडी, खिशातलं नाणं, काहीही वाजलं की ते काढायचं नाहीतर चिकटपट्टीने बांधायचं. पुन्हा उडी. पूर्ण शांतता झाली की मगच पाऊल बाहेर. मुलांकडून हे मैदानावर करून घ्या. पाच मिनिटांत त्यांना कळेल की दबा धरून चालणं म्हणजे वाकून चालणं नव्हे.

आवाजातच एक उणीवही सांगून टाकतो. रायफलची गोळी आवाजापेक्षा कितीतरी वेगाने जाते. लांबून कोणी तुमच्या दिशेने गोळी झाडली तर आधी कानाजवळून 'कडाक' येतो, मग बंदुकीचा 'धप'. या दोहोंमधल्या वेळावरून शत्रू किती लांब आहे याचा अंदाज घ्यायला जवानाला शिकवतात. चित्रपटवाले हे दोन्ही एकत्रच वाजवतात, कारण वेगळे वाजवले तर प्रेक्षकाला मशीन बिघडलं असं वाटेल. सायलेन्सरचंही तसंच. तो लावला की 'फुस्' एवढाच आवाज येतो, हा सिनेमाचा समज आहे. 'धप' कमी होतो, वेगवान गोळीचा 'कडाक' राहतोच.

तिसरी, घर. आईला स्मृतिभ्रंश झालाय म्हणून नायक नोकरी सोडायला निघतो आणि त्याला दिल्लीत टेबलावर बसवतात. फौजी माणसाचा अर्धा जीव घरी अडकलेला असतो, हे एवढं स्पष्ट दाखवणारे ॲक्शनपट थोडे. फक्त मुलांना सांगा की शिपायाच्या घरी आई आजारी पडली तर दिल्लीची बदली दारात येत नाही. अर्ज होतो, कंपनी कमांडर शिफारस करतो, सुट्टी मिळते, नियमात बसलं तर काही काळ घराजवळची पोस्टिंगही मिळते. पण तोवर फोनवरच निभावावं लागतं.

आता कमकुवत बाजूकडे येतो. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण बहुतेक लोक चुकीच्या चुका शोधतात. टोपीवरचा बॅज चुकला, रायफल दुसऱ्याच बनावटीची होती, डोंगर काश्मीरचे वाटत नाहीत. डोंगर काश्मीरचे नाहीतच, बरंचसं चित्रीकरण सर्बियात झालंय. त्याने काय बिघडलं? पोरांच्या मनावर त्याचा काहीच परिणाम होत नाही. परिणाम करतात त्या चुका वेगळ्या आहेत.

पहिली म्हणजे सुभेदार कुठे आहे? मी सुभेदार होतो म्हणून हे म्हणत नाही (थोडं त्यामुळेही असेल). भारतीय पायदळात अधिकारी आणि जवान यांच्यामध्ये नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर अशी एक फळी असते. खाली हवालदार सेक्शन, म्हणजे सगळ्यात लहान तुकडी, चालवतो. नवा लेफ्टनंट पलटणीत येतो तेव्हा प्लाटून (काही सेक्शनची मिळून तुकडी) कशी हाताळायची हे तो ज्याच्याकडे बघून शिकतो, तो माणूस म्हणजे त्याच्या प्लाटूनचा जेसीओ, याच मधल्या फळीतला. कोणाचे बूट चावताहेत, कोणाच्या घरून वाईट पत्र आलंय, कोणाला आज पुढे घालायचं नाही, हे त्याला माहीत असतं. नव्या धाटणीच्या फौजी चित्रपटांतून तो जवळजवळ नाहीसा झालाय. सगळे संवाद मेजर आणि जनरल यांच्यात, नाहीतर मेजर आणि मंत्रालय यांच्यात. १९९७ चा 'बॉर्डर' आठवून बघा. त्यात गाणी होती, आरडाओरडा होता, आणि १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईत प्रत्यक्षात दोन जवान गेले असताना पडद्यावर कितीतरी जास्त मारले. तरी त्यात सुभेदार होता आणि लंगरचा आचारीही होता. त्या बाबतीत तो जुना चित्रपट नव्यापेक्षा फौजेच्या जवळ होता, असं माझं मत आहे.

दुसरी, कमांडर स्वतः पळत सुटतो. शेवटी नायक मुख्य शत्रूला गाठून एकट्याने हातघाईवर येतो. प्रेक्षकाला ते हवं असतं, मला कळतं. पण तुकडीच्या प्रमुखाचं खरं हत्यार त्याचा रेडिओ सेट असतो. डावीकडची टोळी कुठे पोचली, उजवीकडे कोण अडकलं, परतीची वाट उघडी आहे का, हे त्याच्या डोक्यात चालू असतं. तोच एका माणसामागे धावला तर बाकीच्यांना हुकूम कोण देणार? आमच्या मैदानावर एका पोराने छान उत्तर दिलं होतं, "मग सुभेदार देईल." चित्रपटात तो नाही, ही अडचण पुन्हा तिथेच येते.

तिसरी, गोळ्या. एके-४७ च्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या असतात, आपल्या देशी बनावटीच्या इन्सास रायफलच्या २०. एके फुल ऑटोवर घोडा दाबून धरला तर साधारण तीन सेकंदांत मॅगझिन रिकामं. चित्रपट चालू असताना मुलांना मनात आकडे मोजायला सांगा. आमच्याकडचा एक पोरगा मध्येच ओरडला होता, "साहेब, हाऊ इतल्या गोया कोठे ठेवस?" (हा इतक्या गोळ्या कुठे ठेवतो?) प्रश्न अगदी बरोबर आहे. जवान त्या अंगावर वाहतो, आणि पाणी, ग्रेनेड, सेटची बॅटरी यांच्या वजनात त्यांचं वजन धरावं लागतं. म्हणून प्रत्येक गोळी हिशेबाची. फायरिंग रेंजवर तर झाडलेल्या गोळीची रिकामी केससुद्धा मोजून परत द्यावी लागते. एक केस कमी भरली की अख्खा सेक्शन ओळीत, गुडघ्यांवर बसून गवत चाचपडत पुढे सरकतो. भर दुपारचं ऊन, चहा थंड झालेला, आणि हवालदार मागून म्हणतोय, मिळेपर्यंत कोणी उठणार नाही. इन्सासची ही ५.५६ ची गोळी आपल्या भुसावळजवळ वरणगावच्या आयुध निर्माणीत बनते. मुलांना हे आवर्जून सांगा. पडद्यावर मुठीमुठीने उडणारी वस्तू आपल्याच जिल्ह्यातली कोणीतरी माणसं पाळी लावून बनवतात, हे ऐकल्यावर त्यांचं बघणं बदलतं.

चौथी, वेळ. चित्रपट दोन तास अठरा मिनिटांचा आहे, त्यात वाट बघणं मावणार कसं? पण फौजेतलं बरंचसं आयुष्य वाट बघण्यात जातं. ॲम्बुश लावून, म्हणजे दबा धरून रात्रभर पडून राहायचं, खोकला आला तर तोंड बाहीत खुपसायचं, आणि पहाटे काहीही न घडता उठून परत यायचं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. नियोजनाचा भाग चित्रपटात आहे, पण वरच्या मजल्यावरचा, मोठ्या टेबलाभोवतीचा. खालचं नियोजन मातीत होतं. जमिनीवर टेकडी, नाला, घरं यांचा नकाशा मातीचाच उभारतात. नाल्याला निळी लोकर, वाटेला चुना, घराला काडेपेटी. मग कमांडर काठी घेऊन एकेकाला उभं करतो. तुझ्या उजवीकडे कोण? डावीकडे कोण? तो पडला तर त्याचं काम कोण करणार? मशीनगनवाला जखमी झाला तर गन कोण उचलणार? सगळ्यात ज्युनियर जवानालाही उत्तर देता आलं पाहिजे, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. मला विचाराल तर असा एक प्रसंग चित्रपटात नीट, चार मिनिटं दाखवला असता तर मागच्या रांगेतल्या प्रत्येकाला आपोआप नाव मिळालं असतं.

पाचवी गोष्ट राग. हा मुद्दा नाजूक आहे आणि मी तो एकतर्फी सांगणार नाही. नायकाच्या बहिणीचा नवरा उरीत जातो, आणि तिथून पुढे चित्रपट सूडावर चालतो. हे अगदीच निराधार नाही. ज्या पलटणींची माणसं उरीत गेली त्यांच्या घातक प्लाटूनमधले (पलटणीतल्या निवडक हल्ला-तुकडीतले) जवान पुढच्या कारवाईत सामील केले होते, असं नंतर छापून आलं. मुलूख ओळखीचा हे एक कारण, जखम ताजी हे दुसरं. म्हणजे राग होता, आणि वरिष्ठांना तो माहीत होता. पण राग ही निघायची ताकद झाली; काम त्याच्यावर होत नाही. घोडा दाबताना श्वास अर्धा सोडून थांबवावा लागतो. संतापलेल्या माणसाला तेवढंच जमत नाही, त्याचा नेम हलतो. चित्रपटात राग चढला की माणूस जास्त चांगला लढतो. भरतीच्या पोराने एवढं एक मनात घेतलं तर ट्रेनिंग सेंटरमध्ये पहिल्याच आठवड्यात उस्तादाला ते उतरवून काढावं लागतं. लढाई संपल्यावर शत्रूच्या जखमीलाही पाणी द्यावं लागतं, असा नियम आहे, हेही सांगा.

आणि एक गोष्ट खान्देशातल्या मुलांना तरी माहीत असायलाच हवी. त्याच २९ सप्टेंबर २०१६ ला धुळे जिल्ह्यातला, राष्ट्रीय रायफल्समधला एक जवान नियंत्रण रेषा ओलांडून गेला आणि पाकिस्तानच्या ताब्यात सापडला. कारवाईशी त्याचा संबंध नाही, तो चुकून पलीकडे गेला, असं लष्कराने सांगितलं. जानेवारी २०१७ मध्ये तो परत आला. मधल्या जवळजवळ चार महिन्यांत त्याच्या घरच्यांनी दिवस कसे काढले असतील, याचा विचार मुलांना करू द्या. देश टीव्हीसमोर टाळ्या वाजवत होता तेव्हा इथलं एक घर रोज फोनची वाट बघत होतं. चित्रपटात सगळे परत येतात आणि लगेच जेवणाच्या टेबलावर बसतात. त्या रात्री गेलेले सगळे परत आले, हे खरंच आहे. पण फौज त्या एका रात्रीपुरती नसते.

तर तुमच्या जागी मी असतो तर दाखवला असता. फक्त आधी दहा मिनिटांचं भाषण ठोकू नका. तीनच कामं द्या: हिरोच्या मागे उभ्या असलेल्यांपैकी एक माणूस निवडा आणि शेवटपर्यंत त्याच्यावर नजर ठेवा; गोळ्या मोजा; आणि कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं ते ऐका. पहिलं काम सगळ्यात अवघड जातं. निम्म्या मुलांचा माणूस मध्येच कॅमेऱ्यातून गायब होतो आणि ती चिडतात, "सर, आमचा दिसलाच नाही." चर्चा तिथून आपोआप सुरू होते.

भरतीच्या पोरांना वेगळं बसवून आणखी एक विचारा. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारणं, दहा बीम (पुल-अप) काढणं, नऊ फुटांचा खड्डा ओलांडणं, यातलं काय काय चित्रपटात दिसलं? काहीच नाही. तिथे सगळे आधीपासूनच तयार आहेत. आता तर त्याच्याही आधी ऑनलाईन लेखी परीक्षा आहे, आणि चार वर्षांनंतर अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांनाच पुढे कायम केलं जातं. जोशाच्या आरोळ्या पाठ असलेली पोरं मी लेखीत अडकताना बघतो. गणिताचं पुस्तक उघडायला लावा.

व्यवस्थेचं थोडं. मोबाईलवरच्या ॲपचं सदस्यत्व घरी बघण्यासाठी असतं, मैदानावर गाव जमवून दाखवण्यासाठी नाही. निर्मात्यांच्या बाजूने परवानगी लागते, मंडळाला ते आधी बघायला सांगा. पडद्यापेक्षा स्पीकरवर खर्च करा, लग्नातला डीजे नको, त्यात सगळे बारीक आवाज बुडतात. सात वाजता सुरू केलात तर साडेनऊच्या आत संपेल. जानेवारीची थंडी आहे, त्यानंतर कोणी चर्चेला थांबणार नाही आणि थांबवूही नका. चर्चा सकाळी झेंडावंदनानंतर ठेवा.

मला बोलावलंय त्याबद्दल आभार, पण मला नको. तुमच्याच गावात किंवा शेजारच्या गावात पेन्शनवर आलेला एखादा नाईक, हवालदार नक्की असेल, त्याला बोलवा. माईक हातात देऊ नका, नाहीतर तोही भाषणच करेल. मुलांमध्ये खुर्ची टाकून बसवा आणि लंगरात काय मिळायचं, पोस्टवरची पहिली रात्र कशी गेली, पहिला पगार घरी कसा पाठवला, असलं विचारा. आधी 'काही नाही हो सर, चालायचंच' म्हणेल. दुसऱ्या चहाला बोलता होतो.